फ्लेक्सवरच्या भाऊंना, सप्रेम

मनीषनगर, नागपूर

फ्लेक्सवरचे भाऊ यांस,

कोपरापासून नमस्कार.

तुमचे जोडलेले हात मला रोज दोनदा दिसतात. सकाळी दूध आणायला जाताना आणि संध्याकाळी फिरून येताना. पूर्वी आपण सगळे फाटकापाशी थांबायचो. वर्धा लाइनवरून एकामागून एक गाड्या जायच्या, फाटक काही उघडायचं नाही. मनीषनगरातल्या माणसाचं निम्मं आयुष्य स्कूटर बंद करून उभं राहण्यात जातं, असं आमचे हे म्हणायचे. आता उड्डाणपूल झाला, अंडरपास झाला, कोणी थांबत नाही. म्हणूनच तुम्ही फ्लेक्स बरोबर वळणावर लावला असणार, तिथे गाडी हळू करावीच लागते. ज्याला लोक कुठे थांबतात हे कळतं त्याला राजकारणात भविष्य आहे.

फ्लेक्सवर लिहिलंय, ‘नक्षलपीडित चिमुकल्यांच्या चेहऱ्यावर हसू फुलवणारे जनसेवक’. वर कोपऱ्यात गोलात बसवलेले तीन पुढारी, मधे तुम्ही, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढे, आणि तळाशी सात मुलं. सातातलं एकही हसत नाही. हे छापणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, तुमच्या आलं नाही, आणि उद्घाटनाला पेढे वाटले तेव्हा पेढा खाताना माझ्याही आलं नाही. डावीकडून तिसरा जो मुलगा आहे, त्याच्याबद्दल हे पत्र आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही, गावही नाही. तुमचं दोन्ही सांगून झालेलं आहे.

खरं तर तुमचा बडग्या काढायचा होता. नागपूरकराला राग आला की त्याच्यापाशी हा एक हक्काचा उपाय आहे. १८८१ पासून काळी मारबत निघते, मागून पिवळी, आणि सोबत बडगे. ज्याने गावाला छळलं त्याचा पुतळा, गळ्यात पाटी, पाटीवर दोन ओळी, मग इतवारी-महालातून मिरवणूक. पण त्यासाठी पोळ्यापर्यंत थांबावं लागलं असतं. शिवाय बडग्याला शेवटी जाळतात, आणि तुम्ही माझे शेजारी आहात. माझ्या नातवाला रात्री दोन वाजता फणफणून ताप चढला तेव्हा तुम्हीच गाडी काढली होती, ते मी विसरलेली नाही. म्हणून पुतळ्याऐवजी पत्र.

सुरुवात आठवते? १५ ऑक्टोबर २०२५. गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. दिवसभर टीव्हीवर तेच. १९८० च्या सुमारास आंध्रातून नदी ओलांडून आलेली ती गोष्ट आता संपत आली, असं सगळे म्हणत होते. रात्री दहा वाजता आपल्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर तुमचा मेसेज पडला, ‘आता आपली बारी! चलो गडचिरोली!’ पंचेचाळीस वर्षं तिथली मुलं तिथेच होती. भीती संपल्याची पक्की खात्री होताच तुमच्या काळजाला पाझर फुटला. मुहूर्त साधावा तर असा. तरीही निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला हळूच विचारलंत, “मॅडम, बंदोबस्त राह्यते ना तिकडे?”

मला विचारलंत, कारण मी तिकडची जुनी. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, त्यानंतर तीन वर्षांनी मी तिथे मास्तरीण म्हणून लागले आणि सहा वर्षं काढली. पुढे बदली होऊन इकडे आले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ती सहा वर्षं माझ्या अंगाला चिकटून राहिली. म्हणून तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी लगेच हो म्हटलं. या पत्रात जिथे जिथे ‘तुम्ही’ येईल तिथे वाचणाऱ्याने लहान अक्षरांत ‘आणि मी’ असं वाचावं. गाडीत मी तुमच्या मागच्याच सीटवर होते.

आधी कपडे. पार्किंगमध्ये ढीग पडला तेव्हा मी, तळमजल्यावरच्या काकू आणि वॉचमनची बायको अशा तिघी निवडायला बसलो. मनीषनगरचं औदार्य मी त्या दिवशी हाताने चाचपून पाहिलं. चेन तुटलेल्या पँटी. एकाच पायाची सँडल, दुसरी अजून कोणाच्या तरी माळ्यावर असेल. पोहण्याचा पोशाख. इंग्रजी शाळेचा टाय, बोधचिन्हासकट. मुदत संपलेलं खोकल्याचं औषध, अर्धी बाटली. आणि एक शेरवानी, मोती निम्मे गळालेली, तुमच्याच घरची. लग्नातली असावी, कारण तुम्ही ती पिशवीतून काढताना जरा थांबलात. बावीस पोत्यांतून चौदा मी बाजूला काढली. तुम्ही आलात आणि म्हणालात, “काऊन काढून राह्यले मॅडम? गाडी भरून दिसली पाहिजे ना.” चौदाही परत चढली. वॉचमनच्या बायकोने तिच्या पोरीसाठी एक लाल स्वेटर मागितला, सगळ्या ढिगातला तो एकच धड होता. तुम्ही प्रेमाने समजावलंत, “हे गडचिरोलीसाठी आहे ताई.” ती पोरगी आपल्या जिन्याखाली राहते. तिच्यापर्यंत जायला गाडी लागत नाही, हीच तिची अडचण.

अंतराचं हे गणित मला त्याआधीही एकदा दिसलं होतं. १७ मार्च २०२५ ला महालात आणि मग हंसापुरीत दगडफेक, जाळपोळ झाली. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. महाल आपल्यापासून दहाएक किलोमीटर. तिथल्या मुलांनी काय पाहिलं, किती दिवस घराबाहेर पडली नाहीत, याची चौकशी करायला आपल्या स्कीममधून कोणी गेलं नाही. आपण ग्रुपवर एकमेकांना विचारत होतो की मेट्रो चालू आहे का. दहा किलोमीटरवर आपल्याला मत असतं, सव्वातीनशे किलोमीटरवर दया असते.

आता तो रविवार. बालदिनानंतरचा. पहाटे पाचला निघालो, अकरापर्यंत पोचायचं होतं. उमरेडला तर्री-पोहा, नागभीडला चहा. आष्टीच्या पुढे सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची रांग, तिथे तास-दीड तास गेला, तो दोष तुमचा नाही. आलापल्लीच्या सागवानात तुमच्या भाच्याने चाळीस मिनिटं तुमचं रील काढलं, तो आहे. एटापल्लीच्या अलीकडच्या त्या आश्रमशाळेत आपण पावणेदोनला उतरलो. मुलं दहापासून रांगेत बसली होती.

रविवार म्हणजे वसतिगृहातल्या पोरांचा कपडे धुवायचा, हातपंपावर डोकं धुवायचा दिवस. गावाहून कोणी भेटायला आलं तर झाडाखाली त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचा दिवस. त्या दिवशीही चार-पाच म्हातारी माणसं कुंपणापाशी पिशव्या धरून उभी होती. पिशवीत काय असतं तेही सांगते. भाजलेला मका, बोरं, कधी एखादा साबण. पायी आलेली, पायीच परतायची. ‘नागपूरचे साहेब येऊन जाऊ द्या’ म्हणून त्यांना थांबवून ठेवलं होतं. आपण निघालो तेव्हा साडेचार झाले होते. नोव्हेंबरात तिथे साडेपाचला अंधार पडतो.

तुमच्या भाच्याने ड्रोन उडवला. पहिली-दुसरीतली पोरं उठून व्हरांड्यात पळाली. तुम्ही हसलात, “घाबरले बे पोट्टे!” तिथे ड्रोन म्हणजे लग्नाची शूटिंग नव्हे. तो वर आला की खाली काय होऊ शकतं हे त्या मुलांनी घरी ऐकलेलं आहे.

आणि मग माइक.

त्याआधी तुम्हाला त्या वसतिगृहाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी होती. मी सांगितली नाही, कारण मला ती इतकी सवयीची होती की सांगायची असते हेच सुचलं नाही. एका खोलीत चाळीस मुलं झोपतात. एकाचा काका पोलिसांच्या सी-६० मध्ये असतो. १९९० साली उभ्या केलेल्या त्या दलात याच गावांतली माणसं आहेत. दुसऱ्याची मावशी नक्षल्यांच्या दलममध्ये गेलेली असते. तिसऱ्याच्या बापाला ‘खबऱ्या’ म्हणून रात्री उठवून नेलेलं असतं. चौथ्याचा बाप दलमला भात दिला म्हणून तुरुंगात जाऊन आलेला असतो, आणि बंदूक दारात उभी असताना भात न देण्याची सोय त्याला कोणीच करून दिलेली नव्हती. पाचव्याच्या घरी कोणी आत्मसमर्पण केलेलं असतं. ही पाचही मुलं एका बादलीतलं वरण वाढून घेतात आणि थंडीत दोन चादरी जोडून त्यात एकत्र झोपतात. त्यांच्यात एक करार असतो. घरचं कोणी कोणाला विचारायचं नाही. हा करार त्यांना कुठल्या सरकारने शिकवला नाही, कुठल्या संस्थेने नाही. मी होते तेव्हाही होता, आज आहे. आठवीतला नव्याने आलेल्या पाचवीतल्याला तो एका नजरेने शिकवतो. भूपतीने शस्त्रं ठेवली त्याच्या कितीतरी आधी त्या खोलीत शांतता नांदत होती, भाऊ, आणि तिला टीव्हीवर कोणी दाखवलं नाही म्हणून ती टिकली होती.

तुम्ही डावीकडून तिसऱ्याला उभं केलंत. अडीचशे मुलांसमोर.

“बोल बेटा, तुझे बाबा कुठे आहेत?”

तो गप्प.

“लाजू नको. सांग सगळ्यांना. कोणी मारलं? पोलिसांनी का नक्षल्यांनी?”

अडीचशे मुलांच्या माना एकदम खाली गेल्या. तुम्हाला वाटलं मुलं हेलावली. तो माडिया भाषेत दोन-तीन शब्द पुटपुटला. तुम्ही माइक माझ्याकडे वळवलात, “मॅडम, काय म्हणते?” आणि मी सांगितलं, “त्याला माहीत नाही म्हणतो.” ते खोटं होतं. तो म्हणाला होता, ‘मला खाली बसू द्या.’ ते मी सांगितलं असतं तर तुमचा कार्यक्रम बिघडला असता, आणि मला तुमच्या गाडीतून परत यायचं होतं.

मग तुम्ही त्याला मिठी मारलीत. भाच्याने ती तीनदा घेतली, कारण पहिल्यांदा तुमचे डोळे कोरडे होते.

आलापल्लीला नेटवर्क मिळताच व्हिडिओ गेला. मागे दुःखी बासरी, खाली त्याचं नाव, वय, गाव, आणि पार्श्वभूमीला शाळेची अख्खी पाटी. आपल्या ग्रुपवर एकशे बारा जोडलेले हात आले, त्यात एक जोडी माझी.

घरी येऊन चार दिवसांनी मी बाल न्याय अधिनियम वाचला. २०१५ चा. निवृत्त मास्तरणीला वेळ असतो. सशस्त्र संघर्षाची किंवा नागरी अशांततेची झळ बसलेलं मूल म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’. आणि कलम ७४ म्हणतं की चौकशी, तपास किंवा न्यायालयीन कामकाजाच्या संदर्भात अशा बालकाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायचं नाही, छायाचित्र तर नाहीच. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचा वकील हुशार आहे, तो म्हणेल इथे चौकशी कुठे चालू होती? तिथे तर नुसतं प्रेम चालू होतं. म्हणेल बापडा, आणि कदाचित तुम्ही सुटालही. पण ते कलम का लिहिलं गेलं हे समजायला वकील लागत नाही. ज्या भागात माणसं ‘खबऱ्या’ या एका शब्दावर गेली, तिथे एका पोराचं नाव, गाव आणि त्याच्या बापाचा मृत्यू एका फोटोत बांधून तुम्ही तो फोटो अंडरपासच्या वळणावर टांगलात.

फोटोच काढू नयेत असं माझं म्हणणं नाही. पहिलं महायुद्ध संपलं तरी ब्रिटनने शत्रूदेशांची नाकेबंदी चालूच ठेवली होती, तेव्हा १९१९ साली एग्लंटाइन जेब नावाच्या बाईने लंडनमध्ये उपाशी ऑस्ट्रियन मुलाचं छायाचित्र छापलेली पत्रकं वाटली. तिला अटक झाली, पाच पौंड दंड झाला. त्याच साली तिने बहिणीसोबत ‘सेव्ह द चिल्ड्रन’ काढली. त्या पत्रकावर मुलाच्या फोटोसोबत लिहिलेलं होतं की हे आमच्या नाकेबंदीने झालं. आमच्या, भाऊ. तिचं बोट स्वतःच्या सरकारकडे होतं. तुमच्या फ्लेक्सवरचे सगळे बाण तुमच्याकडे येतात, आणि तेही कौतुकाने.

आणि आपण नेलेल्या त्या कपड्यांवरून आणखी एक आठवलं. परतताना तुम्हाला हेमलकशालाही जायचं होतं, अंधार पडला म्हणून राहिलं. बरं झालं. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला माडिया माणसं जवळही येत नव्हती. डॉ. प्रकाश आमट्यांनी आजूबाजूच्या लोकांच्या अंगावर कपडा नाही हे पाहिलं आणि स्वतःचे उतरवले. बनियन आणि पांढरी अर्धी चड्डी, तीच कायमची झाली. डॉ. मंदाकिनी आमटे आणि ते दोघं आधी माडिया भाषा शिकले. शाळा १९७६ ला सुरू झाली. त्यांनी बावीस पोती नेली असती तर काम एका दिवसात उरकलं असतं, इतकी वर्षं लागलीच नसती.

आणि तुम्ही गाडीत विचारत होतात की महाराष्ट्रात असं काम आधी कोणी केलंय का, म्हणजे फ्लेक्सवर ‘प्रथमच’ लिहिता येईल का. कोल्हापूरजवळ वळिवडे आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांसाठी १९४३ साली तिथे छावणी उभारली. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. १९४८ पर्यंत ती तिथे राहिली. त्यांच्या शाळा त्यांच्याच भाषेत चालायच्या. त्यांचं चर्च होतं, स्काउट होते, नाटकं व्हायची. मुलांना कोणी माइकसमोर उभं करून ‘तुझ्या बापाला सायबेरियात कोणी मारलं’ असं विचारलं की नाही, याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. पण पुढे म्हातारी झालेली ती मुलं पोलंडहून कोल्हापूर बघायला परत आली, आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे. तुमच्या सातांपैकी कोणी मोठेपणी मनीषनगर बघायला येईल का? आला तर अंडरपासपाशी नेऊ नका.

आता जरा पैशाचं. खजिनदार म्हणून बिलं माझ्याकडेच आहेत. गाडी आणि डिझेल, आपलं जेवण, मंडप, माइक, चार फ्लेक्स, ड्रोनवाल्याचा चार्जर जळाला तो, आणि मुलांना खाऊ. एकूण ६७,८०० रुपये. त्यात खाऊ ६,२००. हा आकडा मी तुम्हाला टोचायला देत नाही. पुढे लागणार आहे म्हणून देते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकटी एसटीने परत गेले. का गेले हे मला नीट सांगता येणार नाही. त्या ‘खाली बसू द्या’ने झोप लागत नव्हती एवढं खरं. शाळेत मला कोणी विशेष ओळखलं नाही, स्वयंपाकीण बाईंनी ओळखलं. त्यांच्यासोबत तांदूळ निवडत बसले, तेव्हा एकेक कळत गेलं.

त्या दिवशी कुंपणापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांत डावीकडून तिसऱ्याची आजी होती. तिने सगळं पाहिलं. व्हिडिओ तिच्या गावात तिच्या आधी पोचला होता. वसतिगृहात त्याच्या चादरीला चादर जोडून झोपणारा जो मुलगा होता, तो आता खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोपतो. भांडण झालेलं नाही. त्या मुलाच्या घरून निरोप आला, एवढंच. एकाची माणसं कोणत्या बाजूने गेली आणि दुसऱ्याची कोणत्या, हे त्या दोघांना आधी ठाऊक नव्हतं. आता अडीचशेंना ठाऊक आहे.

आणि दुसरं. त्याला एक धाकटी बहीण आहे, ती आजीजवळच असते. तिच्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज करायचं चाललं होतं. पालक गमावलेलं मूल नातेवाइकांकडे वाढत असेल तर या योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ११०० होते. आधार झालं, बँकेचं खातं झालं, उत्पन्नाचा दाखला झाला. बापाच्या मृत्यूचा दाखला राहिला. तो गेला तेव्हा भीतीने कोणी नोंदच केली नव्हती. मृत्यूची नोंद वर्षभरात झाली नाही की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि २०२५ पासून आपल्या राज्यात ही पद्धत आणखी कडक झाली, पोलिसांकडून पडताळणीही लागते. ज्या घरात पोलीस आणि दलम दोघांचीही पावलं नको असतात, त्या घराने पोलिसांना जाऊन सांगायचं की आमचा माणूस अमुक रात्री असा असा गेला. तरी ती म्हातारी तयार झाली होती. तीनदा तहसिलीला जाऊन आली होती, दर फेरीला एक दिवसाची मजुरी बुडवून. शाळेतल्या एका सरांनी कागद जमवून दिले होते. चौथी फेरी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठरली होती.

व्हिडिओनंतर ती म्हणाली, नको. नाव पुन्हा वर नको. कागद नको, पैसे नको.

आता तो आकडा. ६७,८०० ला २,२५० ने भागा. तीस महिने. त्या पोरीचे अडीच वर्षांचे पैसे आपण एका रविवारी खर्च केले, आणि जाता जाता तिला सरकारकडून मिळू घातलेलेही थांबवून आलो. भागाकारात वर तीनशे रुपये उरतात, त्याचे पेढे आले असतील.

तुम्ही म्हणाल, मॅडम, हेतू चांगला होता. होता, भाऊ. मी तुम्हाला वीस वर्षं ओळखते, तुम्ही वाईट माणूस नाही. वाईट माणूस एवढ्या लांब गेला नसता. तुम्हाला निवडून यायचं होतं, त्यात गैर काय? आपण निघालो तेव्हा महापालिकेत साडेतीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, प्रभागाला कोणीतरी हवंच होतं. नाल्या तुंबल्या होत्या, बेसा रोडचे खड्डे होते, पाण्याचा दाब नव्हता. त्यावर फ्लेक्स लावला असतात तर मी खाली उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या. पण खड्ड्याशेजारी उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा उजळत नाही, अनाथ मुलाशेजारी उजळतो.

म्हणून आता काय करायचं ते सांगते. खाली बसून नीट वाचा.

व्हिडिओ आज काढून टाका. तुमच्या पानावरून, भाच्याच्या पानावरून, स्कीमच्या ग्रुपवरून. ज्यांनी पुढे पाठवला त्यांना फोन करून काढून टाकायला सांगा. एकशे बारा फोन आहेत, आपण दोघं मिळून करू, अर्धी यादी मी घेते. अंडरपासचा फ्लेक्स आज रात्री उतरवा आणि दुसऱ्या कोणाच्या छपराला ताडपत्री म्हणून देऊ नका, कारण मुलांचे चेहरे तसेच राहतील. कापून टाका. कुठलंही मूल अडचणीत दिसलं तर १०९८ वर फोन लावा, जिल्ह्यात बालकल्याण समिती असते, बाल संरक्षण कक्ष असतो. त्या लोकांना फोटो लागत नाही. आणि वॉचमनच्या पोरीला स्वेटर द्या. लाल नसला तरी चालेल.

डिसेंबरच्या त्या फेरीत आजीशी मी बोलत राहिले. तीन दिवस राहिले, दोन दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी निघताना तिने स्वतःहून विचारलं की कागदावर मुलाचं नाव येतं का. मी म्हटलं, येतं, पण तो कागद कपाटात राहतो, खांबावर लागत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, तू सोबत येशील तर जाते. अट एकच, सोबत दुसरं कोणी नको आणि कोणाच्या हातात फोन नको.

येत्या मंगळवारी सकाळी गणेशपेठच्या स्टँडवरून मी गडचिरोलीची एसटी पकडते आहे. तुमच्या नावाचं तिकीट काढलेलं नाही.

तुमची शेजारीण,
दुसरा मजला

ता. क. – बावीसपैकी चौदा पोती शाळेच्या स्टोअरमध्ये तशीच पडून आहेत, पावसाळ्याआधी ती कुठे टाकायची याचा तिथे प्रश्न आहे, गाडी पाठवा. तुमची शेरवानी मात्र कामी आली. शाळेच्या परसबागेत बुजगावण्याला घातली आहे.